बांधावरून मारलेली हाक

१२ जून

टिटवे,

तुला आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली. टपली अशासाठी, की फोनवर तू "हं, हं, बरं आजी" एवढंच म्हणतेस आणि फोन ठेवला की माझ्या हातात काही उरत नाही. कागद उशाखाली ठेवता येतो, मनात आलं की पुन्हा वाचून घेता येतो. मला वाचता येत नाही ही गोष्ट वेगळी. मला पोहता येत नाही म्हणून मी आंघोळ सोडली का?

अक्षर ओळखलंच असशील. तुझा बाप लिहितोय. समोरची बियाणंवाली दुकान सोडून येईना, म्हणून याला बसवला. "फक्त पिकाचं लिहीन" अशी अट घातली आहे त्याने. गेल्या उन्हाळ्यात तू गेलीस तेव्हापासून हा माणूस तुझं नाव काढत नाही. फोन वाजला की याला गोठ्यात काम आठवतं. गोठ्यात एक गाय. तिचं तरी किती करणार? का असं, विचारलं तर उत्तर नाही. मी म्हटलं, बरं बाबा, पिकाचं तर पिकाचं.

तर पीक असं आहे. घरासमोरच्या तुकड्यात सूर्यफूल. फूल उमलायला आणि झाडं बसायला एकच गाठ पडली. सकाळी ताठ उभं असलेलं झाड दुपारी पानं टाकतं आणि मग उभ्या उभ्या वाळतं. बरं, इथे एक तिथे एक असंही नाही. ओळीनं शेजारी शेजारी, जणू एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, "चल, बसू या." (झाडं नेहमीपेक्षा थोडी दाट आहेत. फार नाही. — लिहिणारा)

काय रे, मी बोलत नसताना तुझं पेन कसं चालतंय?

खोड बुडाशी मऊ पडलंय, वर कापूस चिकटल्यासारखं पांढरं. चिरून बघितलं तर पोकळीत काळे दाणे. मला वाटलं उंदराच्या लेंड्या. मी मांजरीला नको नको ते बोलले, दूध बंद केलं. "फुकट खातेस," म्हटलं. ती तेव्हापासून माझ्या खाटेकडे फिरकत नाही. घरात न बोलणारा एक होता, आता दोन झाले.

तू तिकडे शहरात लोकांची आजारी झाडं बघत बसतेस, तर आमच्याही झाडांची नाडी बघ. तुझ्या बापाला विचारायचं आहे, पण तो विचारणार नाही. म्हणून मी विचारते.

आता शेवटचं सांगते ते मोठ्या अक्षरात लिही म्हटलंय याला, आणि खाली ठळक रेघ मार म्हटलंय.

पाणी वेळेवर चालू आहे.

तुझी आजी


२२ जून

आजी,

तुझं पत्र आलं आणि मी ते जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून वाचलं. आमच्या प्रयोगशाळेत खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, म्हणून जिना बरा. तिथे निदान वारा येतो.

लिहिणाऱ्यांचा "ळ" अजून तसाच आहे, पोट सुटलेला. त्यांना माझा नमस्कार सांग. स्वीकारतील की नाही माहीत नाही.

माझ्या टेबलावर रोज कुणाच्या तरी शेतातलं झाड येतं, ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून. पिशवी उघडली की मी आधी नाक खुपसते. बरोबरच्या मुली हसतात. त्यांना वाटतं मी वासावरून रोग ओळखते. मी मातीचा वास घेत असते. कधी कधी एखादी पिशवी अगदी आपल्या शेतासारखी निघते आणि मग मला काचेच्या बशीत काही मांडायला जरा वेळ लागतो.

आता कामाचं. मांजरीची माफी माग. ते दाणे उंदराचे नाहीत असं मला वाटतंय. एक दाणा नखाने फोड. बाहेरून काळा आणि आतून पांढरट निघाला तर मला कळव. आणि हेही कळव: दोन झाडांत अंतर किती ठेवलं? सूर्यफूल निघाल्यावर त्या तुकड्यात काय घेता? बी विकतचं की घरचं?

तू मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून सांगितलंस की पाणी वेळेवर चालू आहे. एवढं जोर देऊन सांगितलंस म्हणजे त्यातच काहीतरी असणार, म्हणून विचारते: पाणी किती वेळा देता? झाडांच्या बुडाशी माती सतत ओली राहते का? दाट झाडं आणि ओली माती हे या रोगाला फार मानवतं.

खरं सांगू? ती ओळ वाचण्याआधी मला वाटलं होतं, मोठ्या अक्षरात तू दुसरंच काही सांगशील. असो.

तुझी टिटवी


३ जुलै

टिटवे,

तुझं पत्र तुझ्या बापाने वाचून दाखवलं. फार चांगलं वाचतो. मध्येच घसा खाकरतो, दोन ओळी गिळतो की काय अशी शंका येते, पण मी कुठे तपासणार?

दाणा फोडला. बाहेरून काळा, आतून पांढरट. तुझं खरं निघालं. मांजरीची माफी मागितली. तिने तोंड फिरवलं. तुझ्याच घरातली ना.

तू विचारलंस त्याची उत्तरं घे. बी घरचं. मीच सुपात घोळवते. आता आठवतं, गेल्या खेपेला बियांत असले काळे दाणे घरंगळत होते. बीसुद्धा काळं, तेही काळे. मला वाटलं पोचट बी असेल, राहू दे, उगवलं तर उगवलं. उगवलं बघ कसं.

सूर्यफूल निघालं की घेवडा, घेवडा निघाला की पुन्हा सूर्यफूल. वर्षानुवर्षं हेच. (घेवड्यालाही मागच्या वेळी बुडाशी पांढरं आलं होतं. तेव्हा लक्ष दिलं नाही. — लिहिणारा) मी याला म्हटलं, अरे, मागे नाल्याकडचा तुकडा मोकळा असतो, तिकडे पेर की कधी सूर्यफूल. म्हणाला, "घरासमोरचा तुकडा सूर्यफुलाचाच." का? "आहे." पोरवयात विचारलं असतं तरी असंच उत्तर मिळालं असतं. हा मोठा फक्त उंचीने झाला.

यंदा पेरणी नेहमीपेक्षा दाट केली, हे त्याने स्वतः कबूल केलं. पाणीही जास्तच. मी म्हणते ना, लेकरू बारीक दिसलं की आई जशी खाऊ घालत सुटते, तसं चाललं होतं त्याचं. झाड जरा मान खाली घालतं म्हटलं की हा पाणी सोडायचा. (मान तहानेने पडली असं वाटलं. — लिहिणारा)

तुझी खोली कशी आहे ते लिही. भिंत बघून डोळे खराब होतात. तुझी खाट मी झाडून ठेवते, तिच्यावर सध्या मांजर झोपते. माझ्याकडे येत नाही आणि तुझ्या खाटेवर बरी झोपते.

आता शेवटचं. याला म्हटलं, आधीसारखंच, मोठ्या अक्षरात, रेघ मारून.

जुनी देठं बांधावर रचून ठेवली आहेत.

तुझी आजी


१४ जुलै

आजी,

मोठ्या अक्षरातल्या देठांनी सगळं स्पष्ट केलं. ती रास ताबडतोब शेतापासून लांब नेऊन जाळायला सांग. त्या देठांच्या पोटात हेच दाणे आहेत. देठ कुजतं, दाणे मातीत पडतात आणि तिथे वर्षानुवर्षं निजून राहतात. जवळ सूर्यफुलाचं मूळ आलं की जागे होतात. मग एका मुळावरून शेजारच्या मुळावर, म्हणून तुला ओळीच्या ओळी बसलेल्या दिसल्या. दाट पेरणीत मुळं एकमेकांना भिडतात, त्यांना चालत जायला रस्ताच तयार. घेवडाही त्यांना चालतो. त्यामुळे सूर्यफूल, घेवडा, सूर्यफूल असं करून आपण त्या बुरशीला वर्षभर जेवू घातलं.

बसलेली झाडं वाचणार नाहीत. उरलेल्यांचं पाणी कमी करा, माती वरून वाळू द्या. यंदाचं बी पेरायला ठेवू नका. आणि पुढची चार-पाच वर्षं तरी त्या तुकड्यात सूर्यफूल नको, घेवडा नको. मका, गहू, ज्वारी यांना ही बुरशी लागत नाही. दाणे उपाशी राहून हळूहळू मरतील.

आजी, तुम्ही याला झाड बसलं म्हणता. आमच्याकडे याला मर म्हणतात. हे मी गेल्या वर्षीच पाहिलं होतं. तुला माहीत आहे, त्या सकाळी माझं आणि बाबांचं वाजलं होतं. मी म्हटलं, दरवर्षी तिथेच सूर्यफूल कशाला, आणि ते म्हणाले, शिकलीस म्हणून माझं शेत तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का. दुपारी मी रागारागात शेतात गेले, एक बसलेलं झाड उपटलं आणि चिरलं. आत हे दाणे. राग कुठल्या कुठे गेला. बाबा पलीकडे पंपाजवळ होते. मी बांधावर चढून झाड हलवत ओरडले, "बाबा, मर! मर!" पंपाचा आवाज चालू होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि निघून गेले. मला वाटलं, बरोबर निघाले म्हणून चिडले. दुसऱ्या दिवशी मी निघाले तर बसपर्यंतही आले नाहीत.

आणि आता एक सांगायचं आहे. समुद्रापलीकडच्या एका संशोधन केंद्रात मला जागा मिळते आहे. सूर्यफुलाच्याच रोगांवर काम. गेले तर वर्षभर तरी येता येणार नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझ्या पत्राची वाट बघत होते. दोन पत्रं आली. त्यात पाणी आहे, देठं आहेत, बी आहे, घेवडा आहे. एकदाही "ये" नाही. पूर्वी तू फोन ठेवताना तेवढंच म्हणायचीस.

तुझ्यावर रागावले नाही. त्या घरात मी आले तर कुणाला तरी गोठ्यात जाऊन बसावं लागतं, हे मला कळतं.

तुझी टिटवी


२४ जुलै

टिटवे,

आज अक्षर गोल गोल आणि सुबक दिसेल. बियाणंवाली लिहिते आहे. दुकान उघडं टाकून आली आहे बिचारी. (आजी बोलतील तेवढंच लिहीन, माझ्या मनाचं काही घालणार नाही. — बियाणंवाली) हे असं सांगून घालतेच आहे बघ.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही ओट्यावर होतो. तुझ्या बापाने चष्मा लावला आणि वाचायला लागला. बुरशी, माती, मका, गहू, सगळं नीट वाचलं. मग वाचलं, "तुम्ही याला झाड बसलं म्हणता. आमच्याकडे याला," आणि थांबला. मी म्हटलं, "काय रे, दिवे गेले का?" भर दुपार होती. तो पुढचं मनात वाचत होता, ओठ तेवढे हलत होते. शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवलं आणि अनवाणी शेतात निघून गेला. त्या बसलेल्या झाडांमध्ये जाऊन उभा राहिला. मी हाका मारल्या. वळला नाही.

मी काठी घेतली आणि दुकानात गेले. बियाणंवालीने पत्र वाचलं आणि ते वाचेपर्यंत मला कळलं, की मी आजवर अर्धीच पत्रं ऐकत होते. मग उशाखालचं आधीचंही आणून वाचून घेतलं. "मला वाटलं होतं, दुसरंच काही सांगशील." अगं माझे बाई, मी दुसरंच सांगितलं होतं! दोन्ही वेळा! मोठ्या अक्षरात लिही, रेघ मार, "ये". एवढंच सांगितलं होतं. बियाणंवाली म्हणते, एका अक्षराचा तर शब्द.

संध्याकाळी तो घरात आला. मी वाटच बघत होते.

"काय रे, माझं 'ये' कुठे गेलं?"

तो पायांची माती धुवायला लागला.

"मी सांगितलं 'ये' आणि तू लिहिलंस पाणी? मी सांगितलं 'ये' आणि तू देठं रचलीस?"

"ती आली नसती."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच." खाली बघून म्हणाला. "बांधावरून. शिवारभर ऐकू जाईल असं ओरडली. बाबा, मर. दोनदा. मरायला सांगणाऱ्या मुलीला मी 'ये' कसं लिहू?"

टिटवे, वर्षभर हा माणूस ते पोटात घेऊन जेवत होता, झोपत होता, गाईचं दूध काढत होता. मला बोलला नाही. मग म्हणाला, "आणि तेही एकेरीत."

तेव्हा मला असं हसू आलं, की खोकल्याची उबळ आली आणि त्यालाच उठून पाणी द्यावं लागलं.

म्हटलं, "अरे गाढवा, बोलायला लागल्यापासून ती तुला अहो-जाहो करते. तापात बरळायची तेव्हासुद्धा 'बाबा, पाणी द्या' म्हणायची. पाटी फोडलीस म्हणून रुसली होती, तेव्हा काय म्हणाली? 'जा, तुमच्याशी बोलणार नाही.' असली मुलगी तुला मरायला सांगेल, तर 'मरा' म्हणेल की 'मर'?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. फुलपात्र हातात तसंच. ते खाली ठेवत म्हणाला, "हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

म्हटलं, "त्यासाठी एक तर रोगाचं नाव माहीत असावं लागतं, नाहीतर मुलगी."

टोचलं त्याला. टोचू दे. वर्षभर मलाही टोचत होतं.

मग आपणहूनच बोलायला लागला. तू वसतिगृहातून पहिल्यांदा सुट्टीला आलीस, ती बसमधून उतरून धावत आलीस आणि म्हणालीस, "बाबा, मला आधी फुलं दिसली, मग घर दिसलं." तू विसरलीस, मीही विसरले. हा विसरला नाही. तुझी सुट्टी आणि फुलांचा बहर एकदम यायचा ना. तेव्हापासून तो तुकडा सूर्यफुलाचाच. यंदा तर तुझ्यावर रुसून बसला होता, तरी पेरलं. उलट जास्त दाट पेरलं. रस्त्यावरून भरगच्च दिसावं म्हणून. एकही झाड मान टाकू नये म्हणून पाणी पाजत सुटला. रुसला होता आणि वाटही बघत होता. दोन्ही कामं एकाच तुकड्यात केली त्याने, मग झाडं बसतील नाहीतर काय करतील?

आता लिही गं बियाणंवाले. मोठ्या अक्षरात. रेघ मार. आणि मला बोटाने दाखव कुठे लिहिलंस ते.

ये

तुझी आजी


३ ऑगस्ट

आजी आणि बाबा,

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी होकार कळवला. आता माघार घेता येत नाही. सोमवारी निघते आहे. घरी येऊन जायचं म्हटलं तर जाण्या-येण्यातच दिवस संपतात. मी दोनदा हिशोब करून पाहिला.

बाबा, तुम्ही... पाहा, तुम्हीच लिहिलं जातं, हाताला दुसरं येतच नाही. मी बांधावर उभी राहून तुम्हाला झाड दाखवत होते. एवढी घाबरले होते, की अख्खं वाक्य तोंडातून आलं नाही. पुस्तकातला तेवढा एक शब्द आला. मी "मर रोग" तरी म्हणायला हवं होतं. पळत पंपापाशी तरी यायला हवं होतं. बांधावरून ओरडायची माझी सवय. म्हणून तर आजीने टिटवी नाव ठेवलं.

फुलांचं मला खरंच आठवत नव्हतं. आता आठवलं. बसच्या डाव्या खिडकीतून.

आणि तरीही मला तेच सांगावं लागतंय. तिथे सूर्यफूल पेरू नका. आधी हे सांगताना मला काही वाटलं नव्हतं. आज हे वाक्य तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. मका पेरा. मोकळ्या ओळी ठेवा. माझ्यासाठी पेरायचं असेल तर माझ्यासाठी मका पेरा.

टिटवी


९ एप्रिल

चि. टिटवी हिस आशीर्वाद.

मी स्वतःच लिहितो आहे. आजी शेजारी बसली आहे पण सांगत काही नाही. "तुझं तू बघ" म्हणते.

समोरच्या तुकड्यात मका पेरला. ओळींत अंतर तू सांगितलंस तसं. जुनी देठं मुळांसकट उपटून नाल्यापलीकडे नेऊन जाळली. घरचं बी यंदा कशालाच वापरलं नाही. त्यातले काळे दाणे आजीने बोटाने चाचपून वेगळे काढले आणि चुलीत टाकले, एकेक टाकताना त्यांना शिव्या दिल्या. पाणी बेताने देतो. माती वरून सुकली की मगच.

सूर्यफूल नाल्याकडच्या तुकड्यात थोडं टाकलं आहे, नवं विकतचं बी. तिथे आधी काही नव्हतं. ते रस्त्यावरून दिसत नाही.

तुझं जेवणाखाण्याचं कसं आहे ते आजीला कळव. तिकडे मर जास्त आहे की तांबेरा, तेही कळव.

त्या दिवशी बसपर्यंत आलो नाही. यायला हवं होतं.

मका चांगला उगवला आहे.

बाबा


२८ मे

आजी, बाबा,

इथे तांबेरा जास्त. पानांवर विटेच्या भुकटीसारखे ठिपके येतात, बोट लावलं की बोट रंगतं. माझ्या खोलीच्या मागेच चाचणीचे वाफे आहेत, सूर्यफुलाचेच. प्रत्येक वाफ्यावर पाटी आणि पाटीवर नुसता आकडा. संध्याकाळी मी त्यांच्यातून एक चक्कर मारते. फुलं इतकी जवळ असून कुणी कुणासाठी पेरलेली नाहीत, हे कळतं चालताना.

बाबांचं पत्र माझ्या उशाखाली आहे. आजी, हसू नकोस. उशीची सवय तुझीच.

रजेचा अर्ज दिला आहे. या उन्हाळ्यात नक्की मिळेल म्हणतात. जून म्हणतात, जुलै म्हणतात, तारीख कुणी सांगत नाही. सुटले की पहिल्या मिळेल त्या विमानाने निघेन, पुढे बस. पत्र पोचायच्या आधी मीच पोचेन बहुतेक.

टिटवी


११ जुलै

टिटवे,

पुन्हा बियाणंवालीचं अक्षर. लिहिणारा जाग्यावर नाही. कुठे आहे ते सांगते.

मका डोक्यावर गेलाय. हिरवागार, एक पान पिवळं नाही, तुझा बाप आल्यागेल्याला दाखवतो. पण ओट्यावरून मला रस्ता दिसेना झालाय आणि रस्त्यावरून घर दिसत नाही. नवखा माणूस समोरून निघून जाईल आणि त्याला कळायचं नाही, की आत कुणी राहतं. हे बोलले मी एकदा सहज. जीभच चावायला हवी होती. तुझा बाप जेवता जेवता थांबला.

त्यात तू लिहिलेलं ते वाक्य, पत्राआधी मीच पोचेन. ते त्याने मला वाचून दाखवलं, सगळं, काही न गिळता. तेव्हापासून दुपारची बस आणि संध्याकाळची बस, दोन्हींच्या वेळेला हा धुतलेला सदरा घालून बाहेर पडतो. "कुठे रे?" म्हटलं तर म्हणतो, "मक्याचं पाणी बघून येतो." मक्याला पाणी सदरा बदलून देतात होय?

मला ओट्यावरून काही दिसत नाही, पण बियाणंवालीच्या दुकानाचं तोंड रस्त्याकडे. ती येऊन सांगते. पुढचं तिने पाहिलेलं आहे, मी फक्त सांगते आहे. (खरं आहे. बसच्या आतलं तेवढं उतरलेल्यांनी सांगितलं. — बियाणंवाली)

पहिल्या दिवशी बस थांबली. ड्रायव्हरने दार उघडून विचारलं, "चढायचंय?" याने मान हलवली. "मग?" हा पायरीवर एक पाय ठेवून आत वाकला, पुढून मागेपर्यंत नजर फिरवली आणि खाली उतरला. "आज नाही," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर वैतागला, हॉर्न वाजवला. मग कुणीतरी त्याला सांगितलं असणार, गावात पोट फुगेपर्यंत कुणी गोष्ट ठेवत नाही. आता हा हात करो न करो, बस आपणहून थांबते. दार उघडं राहतं. याचं बघून होईपर्यंत ड्रायव्हर इंजिन बंद करतो.

काल संध्याकाळी बस आली, हा वाकला, बघितलं, मागे फिरला. तेवढ्यात आतून एक बाई म्हणाली, "अहो, अगदी मागच्या बाकावर पण बघा, एक मुलगी झोपली आहे तिथे. तोंडावर ओढणी आहे."

हा चढला. पार मागेपर्यंत गेला. त्याने ओढणीला हात लावला नाही. नुसता उभा राहिला, तिने कूस बदलून ओढणी सरकेपर्यंत.

दुसऱ्याच कुणाची तरी होती. खिडकीतून तिच्या तोंडावर ऊन येत होतं. त्याने पडदा ओढून दिला आणि खाली उतरला.

तुझी आजी